मुलांना जादूच्या पुस्तकांचा नाद लावायचाय? आधी पहिली पन्नास पानं पार करा

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, मुलगा नऊ वर्षांचा आहे, मोबाईल सोडत नाही, जादूची वगैरे पुस्तकं कुठली देऊ? आणि खाली धडाधड एकच उत्तर येतं, हॅरी पॉटर. मग सातही पुस्तकांचा सेट ऑनलाइन मागवला जातो, मूल पहिल्या पुस्तकाची वीसेक पानं वाचतं, बोअर आहे म्हणतं, आणि सेट जातो टीव्हीखालच्या कपाटात. आईबाबा म्हणतात, आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही. अहो, आवड नंतरची गोष्ट, त्या पोराला दारातून आत तरी जाऊ द्या.

साध्या गोष्टीत शाळा म्हटलं की शाळा, मामा म्हटलं की मामा, लेखकाला समजावत बसायला लागत नाही. फँटसीत अख्खं जग नव्याने मांडायचं असतं, तिथले लोक, त्यांची विचित्र नावं, जादू कोणाला येते कोणाला नाही, तिचे नियम काय, आणि हे सगळं साधारण पहिल्या चाळीस-पन्नास पानांत कोंबलेलं असतं. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचंच बघा ना, सुरुवात होते ती त्याच्या मावशी आणि काकांच्या घरापासून, आपण जादूगार आहोत हे हॅरीला कळतं चौथ्या प्रकरणात आणि ती प्रसिद्ध शाळा तर त्याच्याही नंतर येते. सिनेमा बघून आलेल्या मुलाला वाटतं, हे काय चाललंय, कांडी कुठेय? म्हणून खाली जे काही सांगतोय ते बहुतेक सगळं त्या पहिल्या पन्नास पानांसाठीच आहे. एकदा ती ओलांडली की पुढे तुम्हाला काही करायचं नाही, जेवायला चार हाका माराव्या लागतील एवढंच.

पायरी १ : वय विसरा, दम बघा

पुस्तकाच्या मागे ९+ लिहिलेलं असतं त्याला फार अर्थ नाही. तुमचं मूल सलग किती वेळ वाचतं हे बघा. दहा मिनिटांत चुळबुळ करत असेल तर त्याला जाड पुस्तक देऊ नका, हुशार असलं तरी नको. पाच बोटांची युक्ती कदाचित ऐकली असेल, पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडायचं, मुलाला वाचायला सांगायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाच बोटं झाली की पुस्तक सध्या अवघड आहे असं समजायचं. पण फँटसीत ही युक्ती जशीच्या तशी लावली तर फसगत होते, कारण लेखकाने स्वतः बनवलेले शब्द असतात, मगल, क्विडिच असले, ते कुणालाच आधी माहीत नसतात, त्यांना बोटं मोजायची नाहीत. साध्या इंग्लिश किंवा मराठी शब्दांनाच मोजायची.

जाडीचा अंदाज असावा म्हणून सांगतो, हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचं आहे, तिसरं ३१७, आणि चौथं एकदम ६३६, पाचवं तर ७६६. म्हणजे एका सेटमध्ये दोन वेगवेगळ्या दमांची पुस्तकं आहेत. सेट घेऊ नकाच असं नाही, पण पहिल्याच दिवशी घेऊ नका.

पायरी २ : कुठल्या दारातून आत जायचं ते ठरवा

नवीन माणसाने नीट वेळ द्यायचा तो इथे. जादूची पुस्तकं सगळी एका माळेतली नसतात, मी ती दारांप्रमाणे लावतो.

सगळ्यात सोपं दार म्हणजे जग आपलंच, घर, शाळा, खडूस मुख्याध्यापिका, आणि त्यात हळूच थोडीशी जादू. रोआल्ड डालची माटिल्डा (१९८८) घ्या. त्यात जादू अर्ध्याच्या पुढे येते, तोवर मूल त्या छोट्या पुस्तकवेड्या मुलीच्या आणि तिच्या बिनडोक आईबापाच्या भानगडींत इतकं रमलेलं असतं की जादू आली तरी काही नवीन शिकावं लागत नाही. ज्यांनी अजून एकही जाड पुस्तक पुरं केलेलं नाही त्यांना मी डोळे झाकून हे देतो. याच लेखकाचं बीएफजी (१९८२) पण चालेल, फक्त त्यातला राक्षस मुद्दाम चुकीचं इंग्लिश बोलतो, ते नीट इंग्लिश येणाऱ्या मुलालाच मजेशीर वाटतं, बाकीच्यांचा गोंधळ होतो.

दुसरं दार म्हणजे खरंखुरं दारच. आपल्या जगातून दुसऱ्या जगात जायची वाट. नार्निया मालिकेतल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये ल्यूसी नावाची मुलगी पहिल्याच प्रकरणात कपड्यांच्या कपाटात शिरते आणि पलीकडे बर्फात बाहेर पडते, संपला विषय, पन्नास पानांचा त्रासच नाही. प्रकरणं छोटी, पुस्तक बारीक, रात्री एकेक वाचून दाखवायला उत्तम. एकच गोष्ट आधी सांगून ठेवा, की ही चार भावंडं घर सोडून एका म्हाताऱ्या प्रोफेसरकडे का राहतायत, तर दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून मुलांना गावाकडे पाठवलं होतं. लेखक हे एका वाक्यात उरकतो आणि आपली मुलं तिथेच अडखळतात.

तिसरं दार आपल्या घरातल्या मुलांसाठी मला फार आवडतं, जुन्या पुराणकथा आजच्या जगात परत येतात ते. रिक रायर्डनची पर्सी जॅक्सनची पहिली पाच पुस्तकं (२००५ ते २००९) ग्रीक देवांवर आहेत. पर्सी बारा वर्षांचा, अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात, एका जागी बसवत नाही, आणि हे उगाच नाही, रायर्डनच्या स्वतःच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी होतं, त्याला झोपताना सांगायला म्हणून ही गोष्ट सुरू झाली. चुळबुळ्या मुलांना पर्सी पटकन आपला वाटतो. शिवाय पहिल्याच प्रकरणात गणिताच्या बाईंची राक्षसीण होते, त्यानंतर कुठलं पोर पुस्तक खाली ठेवेल?

पण ग्रीक देव कोण कोणाचा काका हे आपल्या मुलांना माहीत नसतं. त्याऐवजी रोशनी चोक्षीचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' (२०१८) द्या. आरू बारा वर्षांची, अमेरिकेत अटलांटाला एका भारतीय वस्तूंच्या म्युझियममध्ये आईबरोबर राहते, शाळेतल्या मुलांपुढे शायनिंग मारायला एक शापित दिवा लावते आणि मग आजूबाजूचं सगळं थांबतं. पुढे पांडव, इंद्र, यम सगळे येतात, म्हणजे आजीकडून महाभारत ऐकलेल्या मुलाला निम्मी नावं आधीच पाठ असतात, पहिल्या पन्नास पानांचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. आणि हो, आरूला वाट दाखवायला काय येतं तर एक कबुतर! एसीच्या डक्टवरची कबुतरं हाकलण्यात ज्यांच्या आईची सकाळ जाते त्या मुंबईच्या पोरांना हा विनोद जरा जास्तच कळतो. मालिका पाच पुस्तकांची आहे, २०२२ ला पूर्ण झाली, म्हणजे पुढचं कधी येणार असा टांगता प्रश्नही नाही.

शेवटचं दार सगळ्यात जड, अख्खं जगच वेगळं, आपल्या जगाचा पत्ताच नाही. द हॉबिट (१९३७), अर्थसी मालिका (पहिलं पुस्तक १९६८), वगैरे. पुस्तकं एक नंबर आहेत पण सुरुवात इथून नको. हॉबिटच्या पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके एकामागून एक घरात घुसतात, तेराही जणांना नावं, त्यातली बहुतेक यमक जुळणारी. मोठ्यांची दांडी उडते. ज्याला द्यायचंच आहे त्याला सांगा की थोरिन हा म्होरक्या आणि बॉम्बूर हा जाड्या, एवढे दोन लक्षात ठेव, बाकीचे आपोआप येतील.

पायरी ३ : मराठीत काय आहे?

हा प्रश्न आला की लोक एकतर उसासा टाकतात नाहीतर अभिमानाने लांबलचक यादी देतात. खरं सांगायचं तर पाच-सात भागांची मराठी मुलांसाठीची जाडजूड जादूची मालिका हवी असेल तर हाती फार लागत नाही. पण अद्भुत हे काही आपल्याला परकं नाही. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्याच अद्भुतरम्य होत्या, हळब्यांची मुक्तामाला १८६१ ची, रिसबुडांची मंजुघोषा १८६८ ची. त्या आज मुलांच्या हातात देऊ नका, भाषा झेपणार नाही, पण कुणी म्हणालं की हे सगळं इंग्रजी फॅड आहे तर सांगायला बरं पडतं.

मुलांना काय द्यायचं मग? वेताळ पंचविशी आणि सिंहासन बत्तीशीच्या मुलांसाठीच्या आवृत्त्या. अरबी सुरस गोष्टींची छोटी रूपं. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश', कविता आहेत पण पोरं खिदळतात आणि उलटंपालटं जग म्हणजे काय हे पाच मिनिटांत कळतं. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला', याला साहित्य अकादमीचा २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. जुना चांदोबा कुणाच्या माळ्यावर सापडला तर सोडू नका, मराठीत तो १९५२ पासून यायचा, त्यातला खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसलेला विक्रम बघितला की गोष्ट वाचायच्या आधीच अंगावर काटा यायचा. आणि बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ पासून चालू आहे, जुने अंक स्कॅन करून वेबसाइटवर फुकट ठेवलेत. दिवाळी अंकांत परीकथा, राक्षस, विज्ञानकथा सगळं मिळतं, छोटं छोटं असल्यामुळे दम वाढवायला बेस्ट.

हॅरी पॉटरही मराठीत आहे, मंजुल प्रकाशनाने काढलंय. इंग्लिश मीडियमच्या मुलाला ते स्वतः वाचायला जड जाईल, पण तुम्ही मोठ्याने वाचा, तो ऐकेल. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाचा कान त्याच्या डोळ्यांच्या बराच पुढे असतो.

अजून एक शॉर्टकट. रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या कुठे लागलं असेल तर पुस्तकाच्या आधी तिकीट काढा. २०१८ मध्ये ते वैभव मांगलेंना चिंची चेटकीण करून परत रंगभूमीवर आलं तेव्हा अख्खं थिएटर चेटकिणीशी भांडत होतं. चेटकीण, राजकन्या, शूर पण साधा मुलगा, हा सगळा साचा दोन तासांत डोक्यात बसतो, मग पुस्तकातली चेटकीण नवीन वाटत नाही.

पायरी ४ : मुंबईत पुस्तकं मिळवायची कशी

विकत घ्यायच्या आधी वाचनालय. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाचं आहे, ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३ चं. तुमच्या एरियात पण एखादं असतंच, फक्त पाटी छोटी असते आणि आपण तिथून रोज रिक्षाने जातो. अनामत आणि महिन्याची वर्गणी किती ते विचारा, बालविभागात जादूचं काय आहे ते मुलालाच विचारू द्या, आणि त्याच्या नावाचं वेगळं कार्ड होतं का बघा. स्वतःच्या नावाचं कार्ड असलं की पोरं पुस्तक बदलायला आपणहून जातात.

विकत मराठी हवं तर दादर वेस्ट, स्टेशनपासून चालत आयडियल, नाहीतर शिवाजी मंदिरात मॅजेस्टिक. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, फुलवाले, भाजीवाले आणि तुम्ही, कुणालाच हलता येणार नाही. इंग्लिशसाठी फ्लोरा फाउंटनजवळ किताबखाना, मुलांचा वेगळा कोपरा आहे, बसून चाळता येतं.

जुनी पुस्तकं फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या फूटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला. किंग्ज सर्कलला वाचून परत आणून दिलं तर काही पैसे कापून बाकीचे देतात, किती कापणार ते घेतानाच ठरवून घ्या. फूटपाथवर नवी कोरी आणि भयंकर स्वस्त प्रत दिसली तर ती बहुतेक डुप्लिकेट. मध्ये उघडून पानांचे नंबर सलग आहेत का बघा, आणि सुरुवातीला नकाशा असलेलं पुस्तक असेल तर नकाशा बघा, तो काळा डाग झाला असेल तर ठेवून द्या. खरी पण जुनी, पिवळी पडलेली प्रत कधीही चांगली.

एक गंमत. सध्या ड्रॅगनवाली 'विंग्ज ऑफ फायर' नावाची मालिका मुलांत जाम चालते. दुकानात नुसतं तेवढंच नाव सांगितलंत तर तुमच्या हातात अब्दुल कलामांचं आत्मचरित्र येणार. तेही चांगलंच आहे, पण त्यात ड्रॅगन नाहीत, अग्नी आणि पृथ्वी आहेत. लेखिकेचं नाव सांगा, टुई सदरलंड, आणि भाग नंबर सांगा.

पायरी ५ : पन्नास पानं

पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा. नाटकी आवाज काढायची गरज नाही, फक्त चांगल्या जागी थांबा. दुसरं अर्धं तुम्ही, अर्धं मूल. तिसऱ्यापासून त्याचं तो. रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग पाच-सहा दिवस, मध्ये चार दिवस गॅप पडला तर नावं विसरतात आणि परत पहिल्यापासून.

एक जाड कागदाची पट्टी घ्या, बुकमार्क म्हणून, आणि त्याच्यावर मुलाला नावं लिहू द्या, नाव आणि पुढे दोन शब्द, 'दाढीवाला, चांगला', 'पांढरी बाई, डेंजर'. आठ-दहा नावांच्या वर जाऊ नका, वही केलीत की होमवर्क झाला. नकाशा असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे मागे पानं उलटत बसायला नको.

उच्चारांवरून टोकू नका प्लीज. हॅरी पॉटरमधल्या हर्मायनीला मुलं हर्मिओनी म्हणतात, म्हणू द्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांनाही ते जमत नव्हतं, शेवटी लेखिकेने चौथ्या पुस्तकात तिच्याच तोंडून दुसऱ्या एका पात्राला उच्चार शिकवला. अवघड नावाचं पहिलं अक्षर वाचून पुढे गेलं तरी गोष्ट कळते.

आणि पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचूनही नाही आवडलं तर बंद. खरंच बंद. पैसे दिलेत, पूर्ण कर, असं म्हटलंत की पुढचं पुस्तक तो हातातच घेणार नाही.

पायरी ६ : क्रम

मालिका कुठून सुरू करायची यावर लोक भांडतात. हॅरी, पर्सी, आरू यांत प्रश्नच नाही, एकपासून. नार्नियात घोळ आहे, कारण हल्लीच्या सेटवर १ नंबर असतो 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर, जे प्रसिद्ध झालं १९५५ मध्ये, आणि कपाटवालं १९५० चं पुस्तक येतं २ नंबरवर. कपाटवालंच आधी द्या. नंबर १ मध्ये त्या कपाटाचा उगम कळतो, तो आधी कळला तर ल्यूसीबरोबर दचकायची मजा जाते.

हॅरीची पहिली तीन पुस्तकं झाली की ब्रेक घ्या. चौथ्याच्या शेवटी एक शाळकरी मुलगा मरतो आणि तिथून पुढे सगळंच गडद होत जातं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घाईने पुढे ढकलायचं कारण नाही, एखाद वर्ष थांबलं तर पुस्तक कुठे पळून जात नाही. मध्ये आरू नाहीतर पर्सी घ्या. सिनेमा पुस्तकानंतर.

पायरी ७ : घरातले आक्षेप

हे सगळं करताना आजोबा म्हणणार, काय ती भूतंखेतं, जादूटोणा, आपल्याकडे त्याविरुद्ध कायदा आहे. आहेच, २०१३ चा, पण तो लोकांना फसवणाऱ्या बुवांसाठी आहे, पुस्तकातल्या कांडीसाठी नाही. आजोबांना वेताळाची एखादी गोष्ट सांगायला बसवा, आक्षेप तिथेच संपतो आणि फुकटात एक कथाकार मिळतो.

मूल रात्री घाबरत असेल तर तो मात्र खरा प्रश्न आहे. भीतीदायक प्रकरण रात्री सुरू करू नका, आणि चुकून सुरू केलंच तर अर्ध्यावर सोडू नका, संकट टळेपर्यंत वाचून मगच दिवा बंद करा. तरी रोजच घाबरत असेल तर पुस्तक सहा महिने वरच्या फळीवर.

आणि पाचवीतला मुलगा तिसऱ्यांदा तेच पुस्तक वाचत असेल तर वाचू द्या. मालिका संपल्यावर मुलं चारेक दिवस तोंड पाडून बसतात, दुसरं काहीच नको असतं, तेव्हा लगेच 'आता जरा चांगलं काहीतरी वाच' सुरू करू नका. त्याच बिल्डिंगमधलं दुसरं कुणी तेच वाचत असेल तर गाठ घालून द्या, जिन्यात बसून दोन तास वाद घालतील. मग आठवड्याभराने हॉबिट नुसतं टेबलावर ठेवा, तेरा बुटक्यांची पट्टी आत घालून. बारा-तेराच्या पुढे गेलेल्यांना अर्थसी, किंवा फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स' (१९९५ ते २०००), पण पुलमन आधी स्वतः वाचा, कारण त्यात धर्मसत्तेबद्दल बरंच काही आहे आणि पोरं जेवायला बसल्यावर एकेक प्रश्न काढतात, तेव्हा बाबांना विचार, आईला विचार करून सुटका होत नाही.